बुटांवरचं नाव

तो फोटो आपल्या आईच्या तळघरात काढलेला आहे, हे कॉर्डेलच्या पाहताक्षणीच लक्षात आलं. बूट वॉशिंग मशीनवर ठेवले होते आणि मशीनच्या झाकणावर तो गंजाचा डाग दिसत होता. पाहुणे यायचे असले की अर्नेस्टीन त्यावर प्लास्टिक अंथरते. फोटोत प्लास्टिक नव्हतं. म्हणजे काढणारा घरचाच होता, कारण बाहेरच्या माणसाला त्या तळघराचा जिनासुद्धा सापडत नाही.

मंगळवारपासून हा फोटो अख्ख्या मेम्फिसभर फिरत होता. पांढरेशुभ्र बूट आणि खाली मजकूर : 'कॉर्डेल टिब्जचे या रविवारचे बूट. नाव कुठे गेलं? त्याचा नवा करार बघा, म्हणजे कळेल.'

वर्षातून एक रविवार लीग आपल्या खेळाडूंना बुटांवर हवं ते रंगवू देते. एरवी मोज्याचा रंग चुकला तरी दंड करणारे हे लोक, त्या दिवशी मात्र एकदम उदार होतात. कुणी कॅन्सरच्या संस्थेचं नाव रंगवून घेतं, कुणी आपल्या जुन्या शाळेचं. सामना संपला की बूट लिलावात जातात आणि पैसे धर्मादायाला. रिव्हरमेन या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कॉर्डेल टिब्जच्या बुटांवर गेली तीन वर्षं एकच नाव असायचं : थॅड टिब्ज. त्याचा भाचा. थॅडच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता, शेजारच्या जिल्ह्यात हायवेवर एका पोलिसाने त्याला थांबवलं आणि एकोणीस वर्षांचा पोर घरी आलाच नाही. चौकशी झाली, यथावकाश बंदही झाली. नाव तेवढं बुटांवर राहिलं होतं. या वर्षी तेही नव्हतं.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दुपारी कॉर्डेल आईच्या दारात उभा राहिला तेव्हा दार उघडलं रोशेलने. ही मधली बहीण त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण भांडणात दहा वर्षांनी.

"आलास? मला वाटलं आता जेवायला यायचं झालं तरी क्लबची परवानगी लागते," ती म्हणाली. थट्टाच होती ती.

कॉर्डेलने कोटही काढला नाही. "फोटो तूच काढलास ना?"

त्याच्या मनात हे मंगळवारपासून घोळत होतं. रोशेलचा मुलगा मायल्स कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि त्याला क्लबच्या प्रसिद्धी विभागात चिकटवून दे म्हणून रोशेलने उन्हाळ्यात गळ घातली होती. कॉर्डेलने तिथे शब्दही टाकला नाही. त्यावर ती महिनाभर बोलत नव्हती. त्याने आपला हिशेब असा मांडला होता, आणि तो साफ चुकीचा होता.

कारण रोशेल त्या क्षणापर्यंत त्याच्याच बाजूची होती. आदल्या दिवशी ती याच माणसासाठी पोटच्या मुलाशी भांडली होती. मामाने घाम गाळून नाव कमावलंय, तुम्ही पोरं सोफ्यावर लोळत त्याला विकाऊ म्हणता, लाज वाटू द्या, असं बरंच काही सुनावलं होतं तिने. आता ती दारातच थांबली आणि भावाकडे नीट बघत राहिली. मग वाटेतून बाजूला झाली. "ये आत. जेवण गार होतंय," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या कानाशी लागली : साधी गोष्ट विचारायच्या आधीच माणूस एवढा भडकतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

अर्नेस्टीन कॉलर्डची पालेभाजी ढवळत होती. शहात्तराव्या वर्षीही या बाईच्या घरात काय शिजतंय ते तिला सगळ्यात आधी कळायचं, आणि ती फक्त भाजीची गोष्ट नव्हती. तिने डावल्याचा रस्सा भांड्याच्या कडेवर निपटला. जे बोलायचं ते टेबलावर सगळ्यांसमोर बोलायचं, माझ्या स्वयंपाकघरात कुजबुज चालणार नाही, असं तिने मुलीला बजावलं. बजावताना मात्र तिची नजर थोरल्या मुलीकडे गेली.

थोरली व्हर्लीन, थॅडची आई, खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून रताळ्याच्या ताटावर मार्शमेलो लावत होती. सुपरमार्केटच्या बेकरीत ती केकवर नावं लिहिते. तिच्या हातचं अक्षर असं, की लोक केक कापायला कचरतात. बुटांवरचं नावही दर वर्षी तीच रंगवायची. सामन्याआधी पंधराएक दिवस कॉर्डेल नवे बूट तळघरात ठेवून जायचा, व्हर्लीन एखाद्या दुपारी बारीक कुंचला घेऊन खाली उतरायची आणि काम झालं की वर येऊन हात धुवायची. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. सगळं शहर त्या बुटांविषयी बोलत असताना आजही ती बोलत नव्हती, हे अर्नेस्टीनला खटकत होतं.

*

पुढच्या खोलीत टीव्हीवर दुसऱ्याच दोन संघांचा सामना चालला होता. त्याच्यासमोर मायल्स आणि ओडेसा एका फोनवर डोकं घालून बसले होते. ओडेसा व्हर्लीनची मुलगी, थॅडची धाकटी बहीण, वय वर्षं सतरा. रिव्हरमेनच्या तरुण चाहत्यांचं 'उत्तर स्टँड' नावाचं सोशल मीडियावरचं पान ही दोघं मिळून चालवायची. स्टेडियमच्या उत्तरेकडच्या स्वस्त जागांवर बसणारी सगळी पोरं त्या पानावर असायची आणि ओडेसाने तिथे लिहिलं की रविवारी स्टँडमध्ये तसं व्हायचं. थॅडच्या नावाचा घोष तिथूनच सुरू झाला होता.

फोटो ओडेसाने काढला होता.

तिने आईला दोनदा विचारलं होतं, मामाने बूट दिले का. नाही दिले अजून, कामात असेल, असं आई म्हणाली होती. मग गेल्या आठवड्यात आजीने लोणच्याच्या बरण्या आणायला खाली पाठवलं आणि मशीनवर बूट दिसले. पांढरे, कोरे. ओडेसाने तिथेच अर्थ लावला : मामा बूट ठेवून गेलाय आणि आईला म्हणालाय, या वर्षी नको. आणि आई, नेहमीसारखी, भावाला पाठीशी घालतेय. दोनच दिवसांनी पेपरात त्याच्या नव्या कराराची बातमी आली. मग विचार करायला उरलं काय?

मायल्सला या सगळ्याचं फारसं दुःख नव्हतं. त्याचं मत पहिल्यापासून तयार होतं. "मामाने राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघा टेकला तेव्हा याच क्लबने त्याला न खेळवता बाकावर बसवला," तो मक्याच्या ब्रेडचा चोरून आणलेला तुकडा खात म्हणाला. "मग हवा फिरली, आणि त्याच क्लबने गोलरेषेमागे 'न्याय' असं पिवळ्या रंगात रंगवून घेतलं. पाऊस आला की तो रंग धुऊन जातो. मी डोळ्यांनी बघितलंय. खेळाडूंचंही तसंच असतं गं. तू उगाच जीव लावून बसलीस."

ओडेसाने जीव लावला होता खरा. मामाने गुडघा टेकला तेव्हा ती तेरा वर्षांची होती, थॅडला जाऊन पुरते दोन महिने झाले नव्हते आणि घरात सगळे नुसते हळू आवाजात बोलत होते. तेव्हा भर स्टेडियममध्ये एक माणूस त्याच्यासाठी खाली बसला होता. लोक ओरडत होते, पेले फेकत होते, आणि तो बसून होता. त्या दिवसापासून तिला खेळ कळायला लागला. पानावर एकदा पूर्वेकडच्या श्रीमंत वस्तीतल्या एका गोऱ्या मुलाने लिहिलं होतं, की बुटावरचं नाव कुणाचं म्हणून मी बाबांना विचारलं आणि त्या रात्री आमच्या घरी पहिल्यांदाच भांडण झालं. ओडेसाने ते आईला वाचून दाखवलं होतं. आई ताट उचलून आत गेली होती.

"मी हाक दिलीय," ती मायल्सला म्हणाली. "आता मागे घेणार नाही."

*

अर्नेस्टीनच्या घरात थँक्सगिव्हिंगचा एक कायदा आहे. ताटं झाकलेलीच राहतात. प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगून आभार मानायचे, गेल्या वर्षीची गोष्ट पुन्हा चालणार नाही, आणि शेवटचा माणूस बोलल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. कुणी काय म्हटलं ते म्हातारीला वर्षानुवर्षं पाठ असतं. टाळाटाळ करणाऱ्याचं पितळ तिथेच उघडं पडतं.

सुरुवात तिनेच केली. नव्या गुडघ्यांबद्दल देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानले, याच क्रमाने. मग रोशेल म्हणाली, की आळ घेण्याआधी जे विचारतात अशा माणसांबद्दल मी आभारी आहे, ती आता थोडीच उरलीत. कॉर्डेलने मान वर केली नाही.

मायल्सची पाळी आली. "फोटो काढणाऱ्याचे आभार," तो म्हणाला.

रोशेलने मुलाकडे असं पाहिलं की दुसरा एखादा खुर्चीसकट मागे सरकला असता. कॉर्डेलने टेबलावरचे सगळे चेहरे एकेक करून न्याहाळले. आपल्या आईच्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून, तो घरच्याच माणसांना चोरासारखं पारखत होता आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तरी तो थांबला नाही.

"कुणी काढला?"

"मी," ओडेसा म्हणाली. "मावशीवर काय संशय घेतोस? मी काढला. आणि रविवारी तू मैदानात आलास की उत्तर स्टँड तुझ्याकडे पाठ फिरवणार आहे. तेही मीच सांगितलंय सगळ्यांना. तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, म्हणून थांबले होते."

कॉर्डेलला धक्का बसला तो पाठ फिरवण्याचा नव्हता. या पोरीला त्याने खांद्यावर बसवून पहिला सामना दाखवला होता. त्याच्या यादीत तिचं नाव कुठेच नव्हतं. त्याने व्हर्लीनकडे एकदाच पाहिलं, झटकन नजर काढून घेतली आणि म्हणाला, "बरं."

ती नजर टेबलावर तिघांनी टिपली आणि तिघांनी तिचे तीन अर्थ लावले. मायल्सला वाटलं, माणूस पकडला गेला. रोशेलला वाटलं, ताईला या कराराची आधीच खबर होती आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. अर्नेस्टीनला काय वाटलं ते तिने बोलूनच दाखवलं.

"'बरं' काय, कॉर्डेल? तुझ्या बापाने सफाई कामगारांच्या संपात कचऱ्याच्या गाडीवरची नोकरी पणाला लावून छातीवर पाटी अडकवली होती. मी माणूस आहे, असं लिहिलं होतं तिच्यावर. पुढे बंदुका होत्या, घरी मी पोटुशी होते. त्याला ती पाटी जड नाही झाली. तुला एक नाव जड झालं? तेही बुटावरचं?"

तोंडात मूग धरून बसलेला माणूस निर्दोष आहे असं आजवर कुणाला वाटलेलं नाही, तसं तेव्हाही कुणाला वाटलं नाही. रोशेल म्हणाली, "बोल की. करारात लिहून घेतलंय का तसं?" त्यावर मायल्स हसला.

"त्याला नका बोलू," व्हर्लीन म्हणाली. "मी पुसलं."

सगळे तिच्याकडे वळले. ती समोरचा काटा सरळ करत होती.

"त्याने बूट वेळेवर आणून दिले होते. मी खाली गेले, पहिलं अक्षर काढलं आणि वरून पांढरा रंग मारला. मग त्याला फोन केला. या वर्षी नको म्हणाले, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले. आई, त्याने फक्त शब्द पाळलाय."

"का?" हे ओडेसाने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

व्हर्लीनला सांगायचं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, पण आज म्हातारी तिला सोडवणार नव्हती.

"वसंतात माझी दाढ दुखत होती. बेकरीतल्या एकीने एक डॉक्टर सांगितला, म्हणून गेले. बाहेरच्या खोलीत बसले. तिथे मासिकं होती, माशांची टाकी होती आणि काचेच्या पेटीत गेल्या वर्षीचे बूट होते. खालून दिवा लावलेला. चिखल तसाच ठेवलेला. काउंटरवरची पोरगी हौसेने मला सांगायला लागली, आमच्या डॉक्टरांनी लिलावात घेतलेत, सही पण आहे. मी लिहिलेलं अक्षर मला दाखवत होती ती. मी उठले आणि सुजलेला गाल घेऊन घरी आले."



"आणि त्याआधी, गेल्या वर्षी ते बूट घातले त्या सामन्याला. माझ्या पुढच्या रांगेत एक जण थॅडच्या नावाचा शर्ट घालून बसला होता. कॉर्डेलच्या हातून समोरच्या संघाचा माणूस निसटला, तेव्हा त्याने थॅडचं नाव घेऊन शिवी दिली. त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. त्याला ते आमच्या संघाचंच काहीतरी वाटत होतं." ती थांबली. "माझ्या आजोबांचं नाव आहे ते. मी हाक मारायला ठेवलं होतं."

रोशेल रडायला लागली. तिला रडू लवकर येतं आणि ते खरं असतं. ती उठून कॉर्डेलच्या खुर्चीमागे गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि इतके दिवस एकट्याने का सोसलंस, मला तरी सांगायचंस, असं म्हणत राहिली. तासाभरापूर्वी आपण याच डोक्यावर काय फोडायला निघालो होतो, हे ती विसरून गेली होती.

ओडेसा मात्र आईकडेच बघत होती. "तू मला खोटं सांगितलंस."

"सांगितलं. तू त्या पानावर येता-जाता त्याचं नाव लिहितेस, ओडेसा. मला ते वाचवत नाही, हे तुला कसं सांगणार होते? तू शेवटचं कधी त्याच्यावर हसलीस? त्याने तुझ्या वाढदिवसाला केक पाडला होता, ते? आता तो तुझ्या तोंडात नुसता घोषणा झालाय."

हे लागलं. ओडेसाचे डोळे भरले, पण ती गप्प बसणारी नव्हती. "आणि घोषणा नाही दिली तर? त्यांनी चौकशी बंद केली तेव्हा त्यांना हेच तर हवं होतं, आई. आपण दमावं. आपणच त्याला खाली ठेवावं. एका गोऱ्या पोराने बुटावर नाव वाचून बापाला प्रश्न विचारला, मी वाचून दाखवलं होतं तुला. तो प्रश्न या वर्षी कोण विचारणार? तू त्याची आई आहेस, तुझा हक्क पहिला. पण माझा भाऊ होता तो. मला विचारलंही नाहीस."

हा प्रश्न येणार, हे व्हर्लीनला फोन करायच्या आधीपासून माहीत होतं. म्हणूनच तर तिने मुलीला विचारलं नव्हतं.

मायल्सने घसा साफ केला. मी फोटो काढून टाकतो, म्हणाला, खरं काय ते लिहितो, मामावरचा डाग निघेल. व्हर्लीनने नुसता हात वर केला. माझी दाढ, माझं दुखणं यातलं एक अक्षर त्या पानावर गेलेलं चालणार नाही. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं, ती म्हणाली. म्हणजे कॉर्डेल विकला गेला असंच लोक म्हणत राहणार, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं.

आता कॉर्डेलला काहीच करायचं नव्हतं. शब्द पाळणारा भाऊ म्हणून त्याने नुसतं बसून राहायचं होतं. आई त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती, रोशेलचा हात डोक्यावर होता. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण ओडेसाने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातला संशय अजून गेला नव्हता.

"मामा, आईचा फोन आला, ती नको म्हणाली. तेव्हा तुला काय वाटलं?"

एवढ्या लोकांत हा प्रश्न तिलाच सुचला. खेळाडूकडे इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्यालाच तो सुचू शकतो.

"सुटल्यासारखं वाटलं," कॉर्डेल म्हणाला.

रोशेलचा हात थांबला.

"जुलैत क्लबचा मॅनेजर जेवायला घेऊन गेला होता. म्हणाला, या वर्षी बुटांवर जरा आनंदी काहीतरी बघा. सक्ती नाही, नुसतं सुचवतोय. मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. चार महिने रोज ठरवायचो, की उद्या ठरवू. मग ताईचा फोन आला आणि मला काही ठरवावंच लागलं नाही." त्याने झाकलेल्या ताटाकडे बघत सांगितलं. "ताईने फोन केला नसता तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तेव्हा लोक जे म्हणतायत ते अगदीच खोटं नाही."

मग अर्नेस्टीनने पुढे वाकून स्वतःच्या हाताने टर्कीवरचं झाकण काढलं. तिघांचं आभार मानणं राहिलं होतं. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं, आणि ते तिला कुणी दाखवून दिलं नाही. "जेवा," ती म्हणाली. "गार तर गार."

*

भांडी मायलेकींनी घासली. बाकीचे पुढच्या खोलीत होते. तिथे आता मायल्स आणि कॉर्डेल कुठल्या तरी चुकलेल्या फेकीवरून वाद घालत होते आणि रोशेल दोघांनाही मूर्खात काढत होती. व्हर्लीन विसळत होती, ओडेसा पुसत होती. 

"तो केक चॉकलेटचा होता," ओडेसा एकदम म्हणाली. "थॅडने पाडला तो. आणि मग मांजराने पाडला म्हणाला. आपल्याकडे मांजर नव्हतंच."

व्हर्लीनला हसू फुटलं. ते थांबेना, म्हणून तिने ओल्या हातानेच तोंड दाबलं. ओडेसाही हसली. मग पुन्हा दोघी कामाला लागल्या.

"रविवारी मी येते तुझ्याबरोबर," व्हर्लीन म्हणाली.

ओडेसाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. गेल्या वर्षीच्या त्या सामन्यानंतर आई स्टेडियममध्ये आली नव्हती. "आई, मी पाठ फिरवणार आहे. तुझ्यावर नाही. तू सांगितलंस ते मला कळलं. पण तो स्वतः सांगतोय, की त्याला सुटल्यासारखं वाटलं. ते ऐकल्यावर मला नाही बघवणार त्याच्याकडे. या रविवारी तरी नाही."

व्हर्लीनला वाटलं, समजवावं. तो माझा धाकटा भाऊ आहे, दमला असेल, चार वर्षं एकट्याने वाहिलं त्याने, असं पुष्कळ काही सांगता आलं असतं. पण मुलीच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. तिने विचार केला होता. तिला गप्प करायचं म्हणजे त्या चौकशीवाल्यांनी केलं तेच करायचं, असं व्हर्लीनला वाटून गेलं आणि तिने तो विचार सोडून दिला.

"फिरव," ती म्हणाली. "मी नाही फिरवणार. पण उभी तुझ्याशेजारीच राहीन."

*

रविवारी ऊन होतं आणि वारा बोचरा होता. नावाचा पुकारा झाला तेव्हा कॉर्डेल कोरे पांढरे बूट घालून खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर पडला. त्याने ठरवलं होतं, वर बघायचंच नाही. पण उत्तरेकडून नेहमीचा घोष आला नाही आणि ती शांतता इतकी मोठी होती, की त्याची मान आपोआप वर झाली.

सगळा स्टँड पाठमोरा उभा होता. जाकिटांच्या पाठी, टोप्यांच्या पाठी, शर्टांवर छापलेले आकडे, कितीतरी पाठींवर त्याचाच आकडा. बाकीचे प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, काही हसत होते, काही पोरांनी मजेत पाठ फिरवून फोन वर धरले होते आणि खांद्यावरून स्वतःचेच फोटो काढत होते. मायल्स म्हणतो ते काही सगळं खोटं नव्हतं. कॉर्डेल त्या पाठींवरून नजर फिरवत गेला आणि मधल्याच एका रांगेत त्याला एक चेहरा दिसला.

ताई होती. हिरवा कोट, डोक्याला रुमाल. ती त्याच्याकडे बघत होती. हात हलवत नव्हती, हसत नव्हती, नुसती उभी होती. तिला लागून ओडेसा होती, पाठमोरी, ताठ, फोन खिशात. आजूबाजूची पोरं चुळबुळ करत मागे वळून बघत होती, कुणी व्हर्लीनला काहीतरी सुनावत होतं, पण त्या दोघी हलल्या नाहीत. त्यांची तोंडं दोन दिशांना होती आणि हात एकमेकींच्या हातात होते.

कॉर्डेलला वाटलं होतं, ओडेसाची पाठ बघून आपल्याला राग येईल, नाहीतर रडू येईल. तसं झालं नाही. फोटोतला तळघरातला तो डाग दिसल्यापासून तो आठवडाभर एकेकाचा चेहरा तपासत आला होता, घरच्यांचा, क्लबातल्यांचा, आरशातला तर रोजच, आणि एकावरही त्याचा विश्वास बसला नव्हता. त्या पाठीवर मात्र बसला.